लेक्टिनवर काम सुरू करताय? आधी बफर बघा
लेक्टिन म्हणजे साखर धरणारं प्रथिन. साखर बांधली जात नाही म्हटलं की नवखी मंडळी प्रथिनावरच संशय घेतात. तुम्ही आधी बफर, म्हणजे प्रथिन ज्या द्रावणात आहे ते, तपासा. कॉनकॅनॅव्हॅलिन-ए या वनस्पती लेक्टिनला मॅनोज ही साखर धरायला मँगनीज आणि कॅल्शियम दोन्ही लागतात. त्यांच्याशिवाय साखर बसायची खाच नीट आकारच घेत नाही. प्राण्यांच्या सी-टाइप लेक्टिनमध्ये तर कॅल्शियम स्वतःच साखरेच्या हायड्रॉक्सिल गटांना धरतं, त्यामुळे ईडीटीए (धातू ओढून घेणारं रसायन) घातलंत की पकड सुटलीच. गॅलेक्टिन या लेक्टिनांना मात्र धातू लागत नाही. तिथे ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाचं सपाट कडं गॅलेक्टोज या साखरेला चिकटून बसतं, आणि ही रचना एकदा पडद्यावर फिरवून बघाच, फार सुंदर आहे! सुट्या साखरेशी बंध कमकुवत दिसला तर घाबरू नका, पेशीवर अनेक खाचा एकदम धरतात. कंट्रोल, म्हणजे तुलनेची चाचणी, मात्र टाळू नका: कॉनकॅनॅव्हॅलिनमध्ये आधी मिथाइल मॅनोसाइड (मॅनोजचंच एक रूप, खाचा भरून टाकणारं) मिसळलं तर लाल पेशींच्या गुठळ्या व्हायला नकोत, गॅलेक्टोज मिसळलं तर व्हायला हव्यात.