राउटर बंद-चालू करण्याआधी पत्ता वाचा: अभ्यासिकेतल्या ‘कनेक्टेड, नो इंटरनेट’चं निदान

ताई, तुमची तक्रार थोडक्यात अशी: दोन मजली अभ्यासिका, खाली १०० एमबीपीएसचं फायबर आणि कंपनीचा राउटर. वर रेंज जात नाही म्हणून घरातला जुना राउटर वायर टाकून वर बसवलेला. ऑफिसचे पाच कॉम्प्युटर, प्रिंटर आणि कॅमेऱ्यांचा डीव्हीआर. तीन बॅचमध्ये पस्तीस-पस्तीस मुलं. सकाळी सगळं सुरळीत चालतं, दुपारनंतर काही मुलांच्या फोनवर ‘कनेक्टेड, नो इंटरनेट’ येतं. राउटर बंद-चालू केला की त्या दिवसापुरतं सुटतं, दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेच. केबलवाल्याने दोनदा येऊन ‘लाइन क्लिअर आहे’ म्हणून सांगितलं आणि तुम्ही त्याच्यावर चिडला आहात.

त्याच्यावरचा राग आधी सोडा. माझ्या मते तो खरं बोलतोय. लाइन गेली की सगळ्यांचं एकदम जातं, ऑफिसच्या कॉम्प्युटरचंही जातं आणि राउटरवरचा एलओएसचा (सिग्नल गेल्याचा) दिवा लाल होतो. शेजारी बसलेल्या दोन मुलांपैकी एकाचं चालतंय आणि दुसऱ्याचं नाही, असं असेल तर दुखणं घरातलं आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पुढच्या वेळी बंद पडलं की राउटरला हात लावू नका. बंद-चालू केल्याने पुरावा पुसला जातो, म्हणून तर तीन महिने झाले तरी कारण सापडलेलं नाही. त्याऐवजी ज्याचं चालत नाही असा एक फोन आणि ज्याचं चालतंय असा एक फोन घ्या. दोन्हींवर वायफायच्या सेटिंगमध्ये जोडलेल्या नावावर टिचकी मारली की आयपी ॲड्रेस (नेटवर्कवरचा त्या फोनचा पत्ता) आणि गेटवे (बाहेर इंटरनेटवर जायचं दार) दिसतात. दोन्हींचे फोटो काढा आणि शेजारी ठेवून बघा. लॅपटॉप असेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग, स्पेस, स्लॅश ऑल. त्यातल्या ‘डिफॉल्ट गेटवे’ आणि ‘डीएचसीपी सर्व्हर’ या दोनच ओळी बघायच्या, बाकी गर्दीकडे दुर्लक्ष करा.

मला काय दिसेल असं वाटतं ते सांगतो. चालणाऱ्या फोनचा गेटवे १९२.१६८.१.१ असेल, म्हणजे खालचा राउटर. न चालणाऱ्याचा १९२.१६८.०.१ किंवा असाच काहीतरी वेगळा असेल, म्हणजे वरचा जुना राउटर. त्या बिचाऱ्याला स्वतःचं इंटरनेट नाहीच, पण तो मुलांना सांगतोय की ‘बाहेर जायचं ना, माझ्याकडून जा’.

हे कसं होतं? फोन वायफायला जोडला गेला की नेटवर्कभर हाक मारतो, ‘मला कुणी पत्ता देईल का?’ पत्ता देणाऱ्या यंत्रणेला डीएचसीपी म्हणतात आणि जवळजवळ प्रत्येक घरगुती राउटरमध्ये ती मुळातच चालू असते. तुमच्याकडे पत्ता वाटणारे दोघे झालेत. ज्याचं उत्तर आधी पोचेल त्याचा पत्ता फोन सहसा घेतो, आणि पत्त्यासोबत बाहेर जायची वाटही त्याचीच घेतो. दोन्ही राउटर एकाच वायरने जोडलेले असल्यामुळे ही हाक दोन्ही मजल्यांवर ऐकू जाते. वरच्या राउटरमुळे खाली बसलेल्या मुलाचं नेट कसं जाईल, हा तुमचा प्रश्न इथे सुटतो.

मग सकाळी का चालतं? तेव्हा खालच्या राउटरचं उत्तर आधी पोचत असणार. इथे तुमच्या बॅचचा हिशोब कामी येतो. बऱ्याच राउटरमध्ये वाटायचे पत्ते (त्यातला शेवटचा आकडा) १०० ते १९९ असे शंभरच ठेवलेले असतात आणि एकदा दिलेला पत्ता २४ तास त्या फोनच्या नावावर राहतो, मुलगा घरी गेला तरी. पस्तीस मुलांचे फोन, त्यातल्या निम्म्यांचे लॅपटॉप, शिवाय ऑफिसची यंत्रं. दुसरी बॅच पूर्ण बसेपर्यंत शंभर संपतात. मग खालचा राउटर गप्प बसतो आणि उत्तर देणारा फक्त वरचा उरतो. तुम्ही खालचा बंद-चालू करता तेव्हा अनेक मॉडेलमध्ये ही वाटपाची यादीच पुसली जाते, म्हणून दिवसभर बरं वाटतं.

वरचा राउटर नसता तर याच मुलांचे फोन ‘आयपी ॲड्रेस मिळवत आहे’ वर अडकून राहिले असते आणि विंडोजच्या लॅपटॉपवर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला असता. १६९.२५४ म्हणजे ‘कुणीच पत्ता दिला नाही, मीच काहीतरी लावून घेतला’ अशी मशीनची कबुली. हा आकडा लक्षात ठेवा, पुढेही उपयोगी पडेल.

एक शक्यता त्रासदायक आहे: दोन्ही राउटरचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.१ च असणं. मग दोन्ही फोनचा गेटवे सारखाच दिसेल आणि तुम्ही म्हणाल, काकांचं, म्हणजे माझं, चुकलं. अशा वेळी न चालणाऱ्या लॅपटॉपवर एआरपी, स्पेस, डॅश ए असं टाइप करा. १९२.१६८.१.१ समोर बारा अक्षरांचा फिजिकल ॲड्रेस येईल. तो राउटरच्या पोटाखालच्या स्टिकरशी ताडून बघा, म्हणजे कोण उत्तर देतंय ते कळेल. शेवटचं एखादं अक्षर पुढे-मागे असेल तर हरकत नाही.

हे सगळं मी इतक्या खात्रीने सांगतोय कारण याच दुखण्याने मला एकेकाळी दोन आठवडे नाचवलं होतं. विंडोज एक्सपीच्या दिवसांत माझा सहा मशीनचा सायबर कॅफे होता. एका पीसीवर दोन लॅन कार्ड, त्यावर इंटरनेट कनेक्शन शेअरिंग चालू, बाकी पाच त्याच्यामागे. शेअरिंग चालू केलं की तो पीसी स्वतः १९२.१६८.०.१ होतो आणि पत्ते वाटायला लागतो. एका रात्री कॅफे बंद केल्यावर भाच्याने दुसऱ्या मशीनवर विझार्ड चालवून तिथेही शेअरिंगवर टिक मारून ठेवली. झालं, सकाळी जो पीसी आधी चालू होईल तो मालक! कधी कॅफे चालायचा, कधी नाही. मी लाइनवाल्याशी कडाडून भांडलो. आणि उत्तर समोर होतं: ‘आयपी ॲड्रेस कॉन्फ्लिक्ट’चा पिवळा फुगा कोपऱ्यात रोज यायचा आणि मी तो रोज इमानेइतबारे बंद करायचो.

तर, उपाय. वरचा राउटर काढून खाली आणा, बाकी सगळ्या वायरी सोडवा आणि एकटा लॅपटॉप वायरने जोडा. आधी त्याच्या लॅन (आतल्या नेटवर्कच्या) सेटिंगमध्ये त्याचा पत्ता १९२.१६८.१.२ करा. तो रीस्टार्ट होईल. नव्या पत्त्यावर पुन्हा लॉगिन करा आणि मग डीएचसीपी बंद करा. क्रम उलटा केलात तर आत शिरायला पत्ता हाताने टाकत बसावं लागेल. मॉडेलमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ (पत्ते न वाटता नुसतं वायफाय पसरवणं) असेल तर तेच निवडा, काम एका क्लिकचं आहे. मग खालून येणारी वायर त्याच्या लॅन पोर्टमध्ये घाला, वेगळ्या रंगाच्या वॅन (बाहेरच्या इंटरनेटच्या) पोर्टमध्ये नको. वॅनमध्ये घालून इंटरनेट मिळतं असं कुणी सांगेल, आणि दोघांचे पत्ते वेगळ्या पट्ट्यातले असतील तर मिळतंही. पण वरचा मजला हे वेगळंच गाव होतं, लॅपटॉपना खालचा प्रिंटर सापडत नाही आणि मग त्याची नवी तक्रार सुरू होते.

खालच्या राउटरवर पत्त्यांचा पट्टा २० ते २५० करा आणि मुदत २४ तासांवरून दोन तासांवर आणा. शंभराऐवजी २३१ पत्ते मिळतील आणि सकाळची बॅच गेली की तिचे पत्ते दुपारी मोकळे होतील. प्रिंटरला १०, डीव्हीआरला ११ असे कायमचे देऊन टाका. मुलांसाठी गेस्ट नेटवर्क वेगळं करता आलं तर उत्तम. शंभर मुलांना ठाऊक असलेल्या पासवर्डवर ऑफिसचे कॉम्प्युटर आणि कॅमेरे ठेवणं मला पटत नाही. फक्त एक: वरचा जुना राउटर गेस्टची वेगळी वाट सहसा ओळखत नाही, त्यामुळे ते खालच्याच मजल्यावर चालेल असं धरून चाला.

एवढं करूनही अडलं तर पायरीपायरीने पिंग करा, म्हणजे कमांड प्रॉम्प्टमधून हाक मारून उत्तर येतं का बघा: आधी १९२.१६८.१.१, मग ८.८.८.८ (इंटरनेटवरचा गूगलचा सर्व्हर), मग एखाद्या साइटचं नाव. पहिल्यालाच उत्तर नाही तर वायफाय किंवा वायर. पहिलं येतं, दुसरं नाही, तर आता खुशाल केबलवाल्याला बोलवा. आकड्याला उत्तर येतं आणि नावाला नाही, तर डीएनएस (साइटच्या नावावरून आकडी पत्ता शोधणारी यंत्रणा) बदला. वर जाणारी वायर गॅलरीबाहेरून पावसात गेलेली असेल तर तिची टोकंही बघा. आठपैकी एक तार गंजली की गिगाबिटचा (१००० एमबीपीएसचा) जोड १०० वर उतरतो किंवा मधूनच तुटतो. स्वस्तातली केबल अनेकदा ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली असते, ती पुन्हा टाकू नका.

आणि वरच्या राउटरवर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी चिकटवा: ‘पत्ता १.२, डीएचसीपी बंद, रिसेट दाबू नये’. पुढच्या वर्षी कुणीतरी हुशार मुलगा टाचणी घेऊन ते बारीक बटण दाबेल, डीएचसीपी परत चालू होईल आणि तुम्ही पुन्हा केबलवाल्याला फोन कराल.