आईचं गुडघ्याचं ऑपरेशन आहे, हॉस्पिटलमध्ये असताना काय काळजी घेऊ?

तुमचा प्रश्न वाचला. आई साठीच्या पुढच्या, शुगर आहे, गुडघा बदलायचाय, चार-पाच दिवस अ‍ॅडमिट राहायचंय, सोबतीला तुम्ही एकट्याच, आणि लोकांनी इन्फेक्शन, चुकीचं इंजेक्शन असलं काय काय ऐकवून घाबरवून ठेवलंय. मी बरीच वर्षं ऑर्थोच्या, म्हणजे हाडांच्या वॉर्डात सिस्टर होते, आता रिटायर झालेय, तर वॉर्डाच्या आतल्या बाजूने सांगते.

हॉस्पिटलमध्ये सगळी माणसं बदलत राहतात. सकाळची सिस्टर २ ला जाते, दुपारची रात्री ८ ला, नाइटवाली दुसऱ्या दिवशी सकाळी ८ ला, राउंडला येणारे डॉक्टर वेगळे, रात्री ड्यूटीवर असतो तो पोरगा वेगळा, वॉर्डातल्या साफसफाईच्या मावशी-मामा रोज नवे. तिन्ही पाळ्यांत त्या बेडपाशी तीच ती दोघंच असतात, आई आणि तुम्ही. म्हणून आईची माहिती तुमच्याजवळ पाहिजे, फाइलमध्ये असेलच असं समजून गप्प बसायचं नाही. एक साधी वही घ्या, पहिल्या पानावर चालू असलेल्या सगळ्या गोळ्या डोससकट, कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे ते, आधीची ऑपरेशनं. सगळ्या म्हणजे सगळ्या, वैद्यांचा काढा आणि शेजारणीने दिलेली सांधेदुखीची पुडीसुद्धा. रक्त पातळ करायची गोळी असेल, इकोस्प्रिन वगैरे, तर ती आपल्या मनाने बंदही करायची नाही आणि चालूही ठेवायची नाही, भूलीच्या डॉक्टरांना आधीच विचारायचं. शुगरच्या काही गोळ्या, ज्यांच्या नावाच्या शेवटी फ्लोझिन येतं, त्या ऑपरेशनच्या तीन-चार दिवस आधीच बंद करायला सांगतात, त्यामुळे हे विचारणं अ‍ॅडमिट व्हायच्या दिवसावर ठेवू नका.

चुकीच्या इंजेक्शनची भीती वाटते ना, तर त्यावर उपाय अगदी साधा आहे. औषध द्यायला कोणी आलं की आईने स्वतः पूर्ण नाव सांगायचं. घाईत एखादी सिस्टर "पाटील काकू ना?" असं विचारते आणि गुंगीतलं माणूस कशालाही हो म्हणतं, आणि आपल्याकडे एका वॉर्डात दोन पाटील असणं काय नवीन नाही. हाताला नावाचा पट्टा असतो तो बघूनच औषध द्यायचं असा नियमच आहे, तेव्हा "सिस्टर, हे कशाचं इंजेक्शन?" असं विचारलं तर कोणाला राग यायचं कारण नाही. आणि कोणी चिडलीच तर चिडू दे, विचारायचं सोडू नका. तसंच ज्या पायाचं ऑपरेशन आहे त्यावर आई जागी असतानाच मार्करने खूण करतात, ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये न्यायच्या आधी ती दिसली नाही तर तिथेच थांबवून विचारा.

ओटीत जाताना मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी, अंगठी सगळं काढायला लावतात. आमच्याकडे यावरून रडारड व्हायची, मला कळतं, पण ओटीत रक्त थांबवायला करंटचं मशीन वापरतात आणि अंगावर धातू असला तर तिथे भाजू शकतं, शिवाय हात सुजला की अंगठी कापूनच काढावी लागते. दागिने घरीच ठेवून या. नेलपॉलिश आणि मेंदी पण नको, बोटाला ऑक्सिजनचा चिमटा लावतात त्याचं रीडिंग गडबडतं. कवळी असेल तर नाव लिहिलेली झाकणाची डबी न्या, कागदात गुंडाळून ठेवलेल्या कवळ्या जेवणाच्या ताटाबरोबर कचऱ्यात जातात आणि मग सगळा वॉर्ड शोधत बसतो. उपाशीपोटी राहायची वेळ सांगतात ती पाळा. दुधाचा चहा म्हणजे अन्नच, "घोटभरच घेतला" असं नसतं, भूल दिल्यावर पोटातलं उलटून फुफ्फुसात गेलं तर ते जिवावर बेततं.

आता शुगरवाल्या पेशंटचं एक खास, जे मी सगळ्यांना ओरडून सांगायचे. उपास. सकाळी इन्सुलिन घेतात आणि मग हळूच सांगतात की आज चतुर्थी, मी फक्त पाणी घेणार. इन्सुलिन गेलंय आणि पोटात काही नाही म्हटल्यावर शुगर धाडकन खाली येते, घाम, थरथर, बरळणं, कधी बेशुद्ध. आईचे वार-उपास असतील तर इंजेक्शनच्या आधी सांगा, नाहीतर तेवढ्या दिवसांपुरते देवाकडून रजा घ्या. जेवणाचा ट्रे आल्याशिवाय जेवणाआधीचं इन्सुलिन घ्यायचं नाही, एवढं धरून ठेवा. आणि भेटायला येणारे शहाळी घेऊन येतात, किडनीचा थोडाही त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते पाणी देऊ नका, त्यात पोटॅशियम भरपूर असतं.

इन्फेक्शनचं म्हणाल तर निम्मं काम हातांचं आहे. बेडपाशी सॅनिटायझरची बाटली ठेवा, आईला हात लावायच्या आधी तुम्ही, भेटायला आलेले, डॉक्टर सगळ्यांनी वापरायची. हातमोजे घातलेत म्हणजे हात स्वच्छ असं नाही, तेच मोजे शेजारच्या बेडवरून आलेले असू शकतात. सर्दी-खोकलावाल्यांना फोनवरच भेटू दे, आणि बेडवर बसकण मारणाऱ्या आत्या-मावश्यांना स्टूल द्या. पट्टी उचलून "बघू बघू किती टाके" हा प्रकार तर अजिबात नको. हाताला सलाईनची सुई असते तिथे लाल झालं, सुजलं, ठणकायला लागलं तर लगेच सांगा, सहन करत बसायचं नाही. लघवीची नळी असेल तर पिशवी कमरेच्या खाली लटकलेली हवी पण जमिनीला टेकलेली नको, आणि रोज राउंडला विचारा की नळी अजून लागणार आहे का, काढायची राहून जाते कधीकधी. सलाईनचं चाक आपण फिरवून जोरात करायचं नाही. नळीत बारीक बुडबुडे दिसले किंवा बाटली संपून थोडं रक्त वर चढलं तर घाबरून ओरडू नका, बेल वाजवा.

दुखणं. आपल्या बायका फार सोसतात. दहापैकी किती दुखतंय ते खरं खरं सांगायला लावा, कारण दुखतंय म्हणून आई हलणार नाही, खोल श्वास घेणार नाही, मग कफ साठतो, पोटरीत रक्ताची गुठळी व्हायचा धोका वाढतो. तीन बॉलच्या यंत्रातून श्वास ओढायचा व्यायाम आणि पावलं वर-खाली हलवणं हे फिजिओ नसतानाही चालू ठेवा. पहिल्यांदा उठताना आधी पाय खाली सोडून थोडा वेळ बसवा, चक्कर नाही ना बघा, मग वॉकर. पेशंट पडतात ते बहुतेक रात्री बाथरूमला जाताना, तुम्ही झोपलाय म्हणून उठवत नाहीत आणि एकट्या निघतात. "मला उठव" हे आधीच बजावून ठेवा, बाथरूमची कडी आतून लावू देऊ नका, चप्पल मागून पट्टा असलेली.

ऑपरेशननंतर रात्री म्हातारी माणसं कधीकधी बडबडतात, कोणीतरी कोपऱ्यात उभंय म्हणतात, नळ्या ओढतात. लोक लगेच बाहेरचं काहीतरी लागलं म्हणून अंगारा लावतात. ते डोक्याचं तात्पुरतं गोंधळणं असतं, भूल, दुखणं, औषधं, झोपमोड, कधी शुगर किंवा सोडियम कमी झाल्यामुळे, म्हणून सिस्टरला लगेच सांगायचं. चष्मा आणि कानाचं यंत्र घरी ठेवून येऊ नका, दिवसा पडदे उघडे, रात्री दिवा मंद, आज कुठला वार ते अधूनमधून बोलत राहा. झोपेसाठी कानात घालायचे बोळे, घरची शाल, लांब वायरचा चार्जर, तुमच्यासाठी पण एक चादर, एसीत रात्री गारठता.

डिस्चार्जच्या दिवशी बिलाच्या गडबडीत कार्ड नुसतं हातात घेऊन निघू नका. कुठली जुनी गोळी बंद, कुठली परत चालू आणि कधीपासून, गुठळी होऊ नये म्हणून दिलेलं इंजेक्शन किंवा गोळी किती दिवस, पट्टी कधी बदलायची, टाके कधी काढायचे हे सिस्टरकडून वहीत लिहून घ्या. केसपेपरची कॉपी मागायचा हक्क आहे, अर्ज दिला की ७२ तासांत द्यायची असते. आणि घरी गेल्यावर पोटरी सुजून दुखायला लागली, दम लागला, थंडी वाजून ताप आला किंवा जखमेतून पाणी यायला लागलं तर पुढच्या आठवड्यात ओपीडीची तारीख आहेच म्हणून थांबायचं नाही, सरळ कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीच्या विभागात न्यायचं, रात्रीचे दोन वाजले असले तरी.