जीडब्ल्यू लावण्याआधी नोट वाच

नवीन आहेस म्हणून सांगते. मेडिकेअरचा, म्हणजे अमेरिकेतल्या सरकारी आरोग्य विम्याचा, क्लेम बी-९ हा नकाराचा कोड लागून परत आला, म्हणजे पेशंट हॉस्पिसमध्ये (अखेरच्या आजारातली देखभाल) आहे, की नाइट शिफ्टची आपली मंडळी डोळे झाकून जीडब्ल्यू मॉडिफायर (बिलाच्या कोडला जोडायची दोन अक्षरं) चिकटवून पुन्हा पाठवतात. पैसे येतातही. पण जीडब्ल्यू म्हणजे ही सेवा पेशंटच्या अंतिम आजाराशी संबंधित नाही, हे लेखी सांगणं. ऑडिटला डॉक्टरची नोट उघडली की सगळं बाहेर येतं.

फुफ्फुसाच्या कॅन्सरचा पेशंट. जुन्या सोरायसिससाठी स्किनच्या डॉक्टरकडे गेला, तर जीडब्ल्यूला आधार आहे. तोच छातीत पाणी झालं म्हणून पल्मोनॉलॉजिस्टकडे गेला, तर ते कॅन्सरशीच जोडलेलं, म्हणून पार्ट बी (मेडिकेअरचा डॉक्टरांच्या बिलांचा भाग) विसर. त्या डॉक्टरचा हॉस्पिसशी करार हवा. बिल हॉस्पिसला जातं आणि हॉस्पिस ते पार्ट ए (हॉस्पिटल आणि हॉस्पिसचा भाग) मध्ये लावतं. करारच नसेल तर वसुली अवघड, हे क्लायंटला आधीच सांगून टाक.

जीव्ही हा दुसरा मॉडिफायर फक्त अटेंडिंगसाठी: पेशंटने स्वतः निवडलेला आणि हॉस्पिसकडून पैसे न घेणारा डॉक्टर. स्पेशालिस्ट म्हणतो ‘मीच बघतो त्यांना’, तेवढ्याने भागत नाही. इलेक्शन फॉर्मवर, म्हणजे हॉस्पिस निवडताना पेशंट भरतो त्या फॉर्मवर, अटेंडिंग म्हणून नाव कोणाचं ते विचार.

अॅडव्हांटेज प्लॅन (खासगी कंपनीमार्फत घेतलेलं मेडिकेअर) असला तरी हॉस्पिस घेतल्यावर असे क्लेम ओरिजिनल, म्हणजे थेट सरकारी, मेडिकेअरकडेच जातात. आणि संबंध आहे की नाही यावर वाद झाला, तर हॉस्पिसकडून असंबंधित सेवांची यादी, म्हणजे अॅडेंडम, मागव. ऑक्टोबर 2020 पासून मागितल्यावर ती द्यावीच लागते. फोनवर टाळाटाळ करतात, फॅक्स कर.