जुन्या रंधा मशीनचे सुटे भाग: कंपनी बंद असली तरी अडत नाही

तुम्ही लिहिलंय की सांगलीत बारा इंची जुनं रंधा मशीन घेतलं, बनवणारी कंपनी केव्हाच बंद झाली, आता बेअरिंग कोकलतंय, बेल्ट चिरलाय, पातं दाबून धरणाऱ्या पट्टीचा एक बोल्ट गायब आहे आणि टेबल वर-खाली करायचं चाक फुटलंय. पार्ट कुठे मिळतील?

आधी डोक्यातून कंपनीचं नाव काढा. तिने बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओतलं, घासलं आणि रंग दिला. बेअरिंग, बेल्ट, बोल्ट, सर्क्लिप (शाफ्टवरची अडकवायची कडी) हे सगळं तीही बाजारातूनच आणत होती, तिथूनच तुम्हीही आणायचं.

बेअरिंग सगळ्यात सोपं. बाहेर काढून रॉकेलने पुसा, कडेवर नंबर असतो. ६२०४ म्हणजे आत २० मिमी, बाहेर ४७, जाडी १४. ६२०५ म्हणजे २५, ५२, १५. नंबर पुसला असेल तर व्हर्नियरने (बारीक मापं घ्यायच्या पट्टीने) ही तीन मापं घ्या, दुकानदार नंबर सांगेल. भुशाचं मशीन आहे, तेव्हा दोन्ही बाजूंनी रबर सील असलेलं मागा, म्हणजे नंबरापुढे २आरएस. आवाज एकाच बाजूने येत असला तरी दोन्ही बदला. आणि नावाजलेल्या कंपनीचं अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या. रस्त्यावर अर्ध्या किमतीत मिळालेलं चकचकीत पाकिटातलं बेअरिंग माझ्याकडे दोन महिने टिकलं. बसवताना हातोडा बाहेरच्या कड्यावर मारू नका. शाफ्टवर चढवायचं तर आतल्या कड्यावर पाइपचा तुकडा ठेवून ठोका.

बेल्टवर ए-४२, बी-५२ असं काहीतरी असेल. ए म्हणजे वरची रुंदी १३ मिमी, बी म्हणजे १७. पुढचा आकडा आतली लांबी, इंचात. अक्षरं उडाली असतील तर बेल्टच्या बाहेरून सुतळी फिरवून मोजा आणि ए असेल तर दोन इंच, बी असेल तर तीन इंच वजा करा. बेल्ट पुलीच्या खोबणीत तळाला टेकत असेल तर पुली झिजलीय. मग नवा बेल्टही घसरणार.

आता बोल्ट. इथेच माणसं फसतात, मीही फसलो. माझ्या मशीनच्या टेबलाचा एक बोल्ट हरवला होता. भोक अंदाजे आठ मिमी, म्हणून एम ८, म्हणजे आठ मिमीचा मेट्रिक बोल्ट, आणला. तीन फेरे हाताने गेला, मग अडला. मला वाटलं रंग अडकलाय. पान्याला पाइप लावून दिला जोर. आत्ता गेला म्हणेपर्यंत बिडातले आटे भुगा होऊन बाहेर आले. मूळ बोल्ट अडीच सुती होता, म्हणजे ५/१६ इंच (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). जाडीत फरक सहा शतांश मिमीचा, पण त्याचे आटे इंचाला १८ आणि एम ८ चा पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, सव्वा मिमी. शेवटी लेथवाल्याकडून भोक मोठं करून, आटे पाडून बुश (आतून आटे असलेली नळी) बसवून घेतला. बोल्टच्या किमतीच्या पन्नासपट खर्च.

तेव्हा जुन्या मशीनवर आधी सुती माप धरून चाला. आटे मोजायचा पिच गेज थोडक्या पैशांत मिळतो, तो घ्याच. शेजारचा शाबूत बोल्ट काढून खिशात घालून दुकानात जा. फोनवर माप सांगू नका. पुण्यात रविवार पेठेतली बोहरी आळी, मुंबईत नागदेवी, तिथे सुती बोल्ट अजून मिळतात.

पात्याच्या पट्टीच्या बोल्टबाबत मात्र काटकसर नको. पाती बसवलेला फिरता ब्लॉक मिनिटाला चार-पाच हजार फेरे घेतो. साधा एमएस (मऊ पोलादाचा) बोल्ट लावलात तर पातं सुटून कुठे जाईल ते तुमच्या नशिबावर. हाय टेन्साइलच (जास्त ताण सोसणारा) घ्या, मेट्रिक असेल तर डोक्यावर किमान ८.८ हा ताकदीचा आकडा हवा, सुती असेल तर तेवढ्याच ताकदीचा मागा, आणि एक हरवला तरी पूर्ण संच बदला. सगळे एकाच लांबीचे, एकाच वजनाचे हवेत, नाहीतर ब्लॉक थरथरतो.

राहिलं चाक. खरा शोधायचा भाग तेवढाच, आणि तोही शोधू नका, करून घ्या. नुसती मूठ मोडली असेल तर कुठलाही टर्नर (लेथवाला) अर्ध्या तासात करून देईल. बिडाचं चाकच फुटलं असेल तर तुकडे जपून ठेवा. बिडाचं वेल्डिंग सगळ्यांना जमत नाही, निकेल रॉड वापरणारा आणि आधी तापवून घेणारा माणूस शोधा. नाही जमलं तर कोल्हापूर जवळच आहे, शिरोलीच्या फाउंड्र्यांपैकी एखादी एक नग ओतायला तयार होते का विचारा. जुनंच चाक जोडून नमुना म्हणून दिलंत तर नवं साधारण एक टक्का लहान येईल, कारण बीड थंड होताना आकसतं. चाकाला ते चालतं. मधलं भोक आणि चावीचा गाळा (चाक शाफ्टवर फिरू नये म्हणून बसवायच्या चावीची खाच) मात्र नंतर लेथवर मापात करून घ्या, आणि त्यासाठी शाफ्टही बरोबर न्या.