ब्रॉयलरला खाद्य नीट पचावं म्हणून खाद्यात कोणतं ॲडिटिव्ह घालावं?

एकच निवडायचं असेल तर फायटेज हे एन्झाइम. मका, सोयापेंड यांतला साधारण दोन तृतीयांश फॉस्फरस फायटेट या संयुगात अडकलेला असतो आणि कोंबडीकडे तो सोडवणारं एन्झाइम जवळजवळ नसतंच. फायटेज तो मोकळा करतं, त्यामुळे डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट, म्हणजे वरून घातलेला फॉस्फरस) कमी करता येतं. पण फॉर्म्युल्यात डीसीपी तेवढंच ठेवून वरून फायटेज टाकलं, तर खर्च तेवढा वाढतो, हाती फारसं काही लागत नाही. कॅल्शियमही बेताचं ठेवा. चुनखडी जास्त झाली की फायटेट तिच्यातल्या कॅल्शियमशी बांधलं जातं आणि एन्झाइमला काम करता येत नाही.

खाद्यात गहू किंवा बार्ली बरीच असेल तर झायलानेज, ग्लुकानेज ही एन्झाइम हवीतच. या धान्यांमुळे आतड्यातलं खाद्य चिकट होतं, विष्ठा ओली पडते आणि लिटर (शेडमध्ये खाली अंथरलेला भुसा) खराब होतं. निव्वळ मका-सोयावर फरक कमी दिसतो.

पहिल्या आठवड्यात पिल्लांना चरबी नीट पचत नाही. तेल जास्त घालत असाल तर इमल्सिफायरचा (तेल पाण्यात मिसळायला मदत करणाऱ्या पदार्थाचा) विचार करा. प्रोबायोटिक आणि ब्युटिरिक ॲसिड आतड्याच्या आरोग्यासाठी ठीक, पण थेट पचनवाढीची हमी मी देणार नाही.

खाद्याचे पेलेट (दाबून केलेल्या गोळ्या) करत असाल तर एक बघा: ८०-८५ अंशांच्या वर साधं एन्झाइम बरंचसं निकामी होतं. कोटेड (आवरण असलेलं) घ्या, नाहीतर पेलेट झाल्यावर द्रवरूपात फवारा.

आणि सोयापेंड कच्ची राहिली असेल तर आधी ती बदला. ते काम कुठलीही पावडर करणार नाही.