परतीचं तिकीट काढलेलं नाही, हे वहिनींना आधी सांगा

शारजाहून एका भावांचं पत्र आलं आहे. नाव छापू नका म्हणालेत. पत्र मोठं आहे, महत्त्वाचा भाग देते.

"ताई, मी अकरा वर्षं इथे आहे. एसीच्या देखभालीचं काम करतो, आता सुपरवायझर आहे. बेसिक ३,००० दिऱ्हाम, बाकी भत्ते. घर विक्रोळीला, कन्नमवार नगरात. घरी आई, बायको आणि नववीतली मुलगी. दोन वर्षांपूर्वी शुगर निघाली. उन्हाळ्यात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावरचं काम कायद्यानं बंद असतं, त्यामुळे पहाटे चारला गाडी निघते. शरीर आता साथ देत नाही. गेल्या वर्षी सुट्टीवर आलो तेव्हा चौथ्या दिवशी मुलीनं विचारलं, 'बाबा, तुम्ही जाणार कधी? माझी युनिट टेस्ट आहे.' तिच्या मनात काही वाईट नव्हतं. पण ते वाक्य घेऊन मी परत आलो आणि वर्षभर ते माझ्यासोबत राहिलं. शेवटी जुलैत राजीनामा दिला. नोटीस ऑगस्टअखेर संपते. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, गणपतीच्या दोन दिवस आधी घरी पोहोचतोय. घरी सगळ्यांना वाटतंय की नेहमीसारखा तीस दिवसांच्या सुट्टीवर येतोय.

आमच्या सोसायटीचा पुनर्विकास होतोय. बिल्डर पैसे भरून जादा जागा घ्यायची मुभा देतोय. बायको खूश आहे, मुलीला स्वतंत्र खोली होईल म्हणते. होकार गणपतीनंतर कळवायचाय. मी 'बघू' म्हणून टाळतोय. ताई, सणात सगळ्यांचा विरस कशाला करू? विसर्जन झाल्यावर सांगू? की एक-दोन महिन्यांत मुंबईत नोकरी मिळवून मगच सांगू? झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. मुलगीही फार मोबाईल बघते असं कळतंय, आता घरी येऊन तिला जरा शिस्त लावीन."

भाऊ,

नोकरी सोडलीत ते बरोबर की चूक, हे तुम्ही मला विचारलेलं नाही, तरी सांगते. शुगर असलेल्या माणसानं त्या उन्हात आणखी पाच वर्षं काढावीत असं मी कुणालाही सांगणार नाही. तो निर्णय झाला, आणि मला तो योग्य वाटतो.

पण तो तुम्ही एकट्यानं घेतलात. आता सांगणंही लांबवताय. माझं उत्तर सोपं आहे: विमानात बसायच्या आधी वहिनींना सांगा. विसर्जनापर्यंत थांबू नका, नोकरी मिळेपर्यंत तर मुळीच नाही.

माझ्या घरची गोष्ट सांगते. मी परळच्या चाळीत वाढले. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी बारा वर्षांची होते. अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यात माझे वडील होते. पुढच्या वर्षी काही जणांना कामावर परत घेत होते. एका सोमवारी वडील घरी येऊन म्हणाले, "घेतलं मला." आईनं त्या रात्री शिरा केला. दुसऱ्या दिवसापासून ती पहाटे उठून डबा भरू लागली, आणि वडील तो घेऊन निघत. असे दोन महिने गेले. त्यांना कामावर घेतलेलंच नव्हतं. ते दिवसभर नायगाव, दादर, कुठे कुठे काम शोधत फिरायचे आणि पाळी सुटायच्या वेळेला घरी यायचे.

आईला तिसऱ्या-चौथ्या दिवशीच कळलं होतं. गिरणीतून येणाऱ्या माणसाच्या केसांत, भुवयांत कापसाचे तंतू असायचे. वडिलांचे केस स्वच्छ होते. ती काही बोलली नाही, कारण ते बोलत नव्हते. दोन महिने दोघंही एकमेकांना सांभाळत होते आणि दोघंही एकटे होते. घरात भांड्यांचा आवाज तेवढा यायचा.

शेवटी फुटलंच. तेव्हा आई जे म्हणाली ते मला आजही शब्दन् शब्द आठवतं. "नोकरी गेली त्याचं काही नाही. पण मला दोन महिने आधी कळलं असतं तर मी दोन महिने आधी खानावळ सुरू केली असती." आणि पुढच्या पंधरवड्यात तिनं चार जणांचे डबे घेतलेसुद्धा. त्या खानावळीवर आम्ही तिघं भावंडं शिकलो.

म्हणून मला तुमची झाकलेली मूठ मान्य नाही. ती मूठ तुम्ही जगासमोर झाका. शेजारी, मेव्हणे, सोसायटीतले लोक यांना काहीही सांगायची गरज नाही. पण वहिनींसमोर झाकलीत तर तुम्ही त्यांचा त्रास वाचवत नाही, त्यांना काही करायची संधी काढून घेता. अकरा वर्षं ते घर कुणी चालवलं? आईचे दवाखाने, शाळेच्या सभा, सोसायटीच्या बैठका, गॅसचा नंबर, गावच्या जमिनीचा सातबारा, सगळं त्यांनीच केलं. त्या बाईला वाईट बातमी झेपणार नाही असं तुम्हाला का वाटतं?

आणि तुमच्या बाबतीत तर नुसत्या भावनेचा प्रश्न नाही. बिल्डरला होकार द्यायचाय. तुमचा पगार चालू राहणार या हिशेबानं वहिनी जादा जागेसाठी हो म्हणणार आणि बँकेचा हप्ता डोक्यावर घेणार. गणपतीत तुम्ही गप्प बसलात आणि त्यांनी सही केली, तर पुढची वीस वर्षं तो विषय तुमच्या दोघांच्या मध्ये उभा राहील. कदाचित जादा जागा तरीही घेता येईल, थोडी कमी घेता येईल, किंवा या वेळी नाही म्हणावं लागेल. पण तो हिशेब खऱ्या आकड्यांवर व्हायला हवा.

तेव्हा आधी खरे आकडे बघू.

अमिरातीच्या कामगार कायद्याप्रमाणे पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षाला २१ दिवसांचा आणि त्यापुढच्या प्रत्येक वर्षासाठी ३० दिवसांचा बेसिक पगार ग्रॅच्युइटी म्हणून मिळतो. भत्ते त्यात धरत नाहीत. तुमचा बेसिक ३,०००, म्हणजे दिवसाला १००. पहिल्या पाच वर्षांचे १०५ दिवस, पुढच्या सहा वर्षांचे १८०, मिळून २८५ दिवस. म्हणजे सुमारे २८,५०० दिऱ्हाम. शिल्लक रजेचे पैसे वेगळे. २०२२ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात स्वतः राजीनामा दिला म्हणून ग्रॅच्युइटी कापता येत नाही, आणि नोकरी संपल्यापासून चौदा दिवसांत सगळा हिशेब चुकता करायचा असतो. व्हिसा रद्द करताना "सर्व देणी मिळाली" अशा कागदावर सही मागतात. पैसे खात्यात दिसल्याशिवाय ती सही करू नका. घाई आहे, साहेब चांगले आहेत, पुढच्या आठवड्यात टाकतो म्हणालेत, असं ऐकून सही करून आलेली माणसं मी पाहिली आहेत. तिकीट दोन दिवस पुढे ढकलावं लागलं तरी चालेल.

बेकारी विम्याचा हप्ता तुम्हीही भरत असाल. स्वतः नोकरी सोडणाऱ्याला त्याचे पैसे मिळत नाहीत, ते हिशेबात धरू नका. तिथलं क्रेडिट कार्ड, पर्सनल लोन, मोबाईलचं पोस्टपेड बिल, सगळं बंद करून बँकेकडून काही देणं नाही असं पत्र घ्या. मागे थकबाकी राहिली आणि उद्या पुन्हा आखातात जायची वेळ आली, तर ती विमानतळावर आडवी येते.

इथे आल्यावर तुमचं एनआरई, म्हणजे अनिवासी भारतीयाचं बँक खातं तसंच चालवता येणार नाही. कायमचे परत आलात हे बँकेला कळवून ते निवासी खात्यात बदलून घ्यावं लागतं, आणि व्याजावरची करमाफीही मग राहत नाही. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आलात तर ३१ मार्चपर्यंत भारतात १८२ दिवसांहून जास्त होतात, म्हणजे करासाठी तुमचा दर्जा याच वर्षी बदलेल. दिवाळीआधी एखाद्या सीएकडे तासभर बसा. कंपनीचा आरोग्य विमाही तिथेच संपतो. इथे घरच्यांसोबत स्वतःची पॉलिसी लगेच घ्या आणि शुगर लपवू नका. आधीपासून असलेल्या आजाराला प्रतीक्षेचा काळ असतो, तो जास्तीत जास्त तीन वर्षांचा. जितक्या लवकर घ्याल तितका तो लवकर संपेल.

पगाराबद्दल वहिनींशी स्पष्ट बोला. एसीच्या कामाला मुंबईत मरण नाही. टॉवर, इस्पितळं, मॉल, मेट्रोची स्टेशनं, सगळीकडे देखभालीची माणसं लागतात आणि अकरा वर्षांचा अनुभव मोलाचा आहे. पण हातात येणारी रक्कम तिथल्यापेक्षा बरीच कमी असेल, आणि पहिले काही महिने कदाचित काहीच नसेल. तेवढ्या महिन्यांचा घरखर्च ग्रॅच्युइटीतून बाजूला काढा आणि मग उरलेल्याचं काय ते ठरवा.

एक विनंती आहे. या वेळी ते खोकं भरू नका. कांबळी, अत्तरं, टँगचे डबे, मेव्हण्याचा मोबाईल, भाच्यांची चॉकलेटं. दर वेळी तीस किलो भरून, दोरीनं बांधून, वर मार्करनं नाव लिहून तुम्ही आणत असणार. नेमकं शेवटच्या वेळी माणूस जास्त भरतो, कारण मनात अपराधी वाटत असतं. आईसाठी खजूर आणा, मुलीसाठी तिला हवं असलेलं एक काहीतरी आणा. पुरे झालं.

आता मुलीबद्दल. खरं तर मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते यावरच.

भाऊ, तुमच्या घराला तुमच्याशिवाय चालायची सवय झाली आहे. यात कुणाचा दोष नाही, तुम्ही नव्हतात म्हणून त्यांना ती लावून घ्यावी लागली. तुम्ही सुट्टीवर येता तेव्हा तीस दिवस सगळे आपापल्या जागा तुम्हाला देतात. मुलगी अभ्यास स्वयंपाकघरात करते, आई टीव्हीचा रिमोट तुमच्या हातात ठेवते, वहिनी तुमच्या आवडीचं रोज करतात. एकतिसाव्या दिवशी घर पुन्हा आपल्या चालीनं चालू लागतं. म्हणूनच मुलीनं विचारलं तुम्ही कधी जाणार. तिला तिचं टेबल परत हवं होतं. तुम्ही नको होतात असा त्याचा अर्थ लावू नका.

या वेळी एकतिसावा दिवस येणार नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून पाहुण्यासारखे राहू नका आणि साहेबासारखेही राहू नका. "आल्यावर शिस्त लावीन" हे वाक्य तिथेच सोडून या. नववीतल्या मुलीच्या आयुष्यातली अकरा वर्षं तुम्ही बोटिम या फोन ॲपवरच्या आवाजातून पार पाडलीत. तिची मैत्रीण कोण, तिला कोणता विषय जड जातो, ती कशाला घाबरते, हे आधी कळू द्या. पहिले तीन महिने घरातली एकही गोष्ट बदलू नका. सहलीला जाऊ का असं तिनं आईला विचारलं आणि तुम्ही समोर बसलेले असलात, तरी उत्तर आईलाच देऊ द्या. मनाला लागेल, पण बसून राहा. त्याऐवजी एक काम कायमचं अंगावर घ्या. सकाळचं दूध, आईच्या गोळ्या, मुलीला क्लासहून आणणं, जे वहिनी सांगतील ते. तिचं टेबल मात्र हलवू नका. तुमचं अंथरूण दुसरीकडे घाला.

वहिनींना राग येईल. जुलैत राजीनामा दिला आणि मला आत्ता सांगताय, असं त्या म्हणतील, आणि ते खरं आहे. तेव्हा शुगरचं, उन्हाचं कारण पुढे करू नका. "चुकलं माझं, तेव्हाच सांगायला हवं होतं" एवढंच म्हणा आणि गप्प राहून ऐका. रडल्या तर रडू द्या. मग मुलीचं ते वाक्यही सांगा, जे तुम्ही मला लिहिलंत. माझा अंदाज आहे की ते तुम्ही त्यांना अजून सांगितलेलं नाही.

आईला आणि मुलीला कधी, कसं सांगायचं ते वहिनींना ठरवू द्या. कदाचित त्या म्हणतील गणपती होऊ द्या, कदाचित सहारच्या विमानतळावर घ्यायला येतानाच सगळ्यांना सांगून मोकळ्या होतील. आरतीला जमलेल्यांपैकी कुणी "मग परत कधी?" विचारलं, तर दोघांचं उत्तर एकच असू द्या: "अजून ठरलं नाही." त्यात खोटं काही नाही.

येत्या रविवारी फोन करा. तुमचे साडेआठ म्हणजे त्यांचे दहा, तोवर आई झोपलेल्या असतील आणि मुलगी अभ्यासाला बसली असेल. "एकटी आहेस का? जरा बाल्कनीत जा," असं म्हणा आणि सुरुवातीलाच सांगून टाका, हवापाण्याच्या गप्पा मारून मग नको. त्यांचं बोलून झालं की बिल्डरच्या पत्राचा फोटो मागवून घ्या. त्यातली जादा जागेची रक्कम दोघं मिळून वाचा आणि तिच्याखाली तुमचा २८,५०० चा आकडा लिहा.

तुमची ताई