फाउंड्रीतली धूळ आणि भरपाईचा कागद

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

बाबांना सिलिकोसिस, म्हणजे वाळूतल्या सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसात साठून होणारा आजार, असल्याचं डॉक्टरांनी सांगितलं, आता भरपाईचा अर्ज कुठं द्यायचा, असं तू विचारलंस. अर्जाचं शेवटी बघू. असे दावे आजारावर कमी आणि नोकरीवर जास्त अडतात. हा माणूस आमच्याकडे नव्हताच, मालक म्हणतो, किंवा होता पण धुळीच्या कामावर नव्हता.

म्हणून आधी एक वही घे आणि सकाळी, बाबांना जरा दम असताना, त्यांच्याजवळ बस. साल, कारखाना, कंत्राटदार, खातं, काम. ‘बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) होतो’ एवढ्यानं भागत नाही. मोल्डिंग (वाळूचा साचा करणं), कोअर (साच्यातला आतला गाभा), नॉक-आऊट, फेटलिंग की शॉट ब्लास्टिंग (छर्‍यांचा मारा करून कास्टिंग साफ करणं)? नॉक-आऊटला साचा फोडताना भाजलेली कोरडी वाळू उडते. फेटलिंगला कास्टिंगला चिकटलेली वाळू ग्राइंडरखाली पिठासारखी होते. डोळ्याला दिसणारी जाड धूळ नाकाघशात अडकते. खाली फुप्फुसात उतरते ती 10 मायक्रॉनहून बारीक, आणि तोंडाला बांधलेला रुमाल तिला अडवत नाही. एक्झॉस्ट चालू असायचा का, मास्क कुठला मिळायचा, किती दिवसांनी बदलायचा, तेही लिही. शेजारच्या ग्राइंडरवर कोण असायचा त्याचं नाव विसरू नकोस. उद्याचा साक्षीदार तोच.

मग या वहीला कागद जोड. पीएफच्या पासबुकात मालकाचं नाव आणि महिनावार भरणा दिसतो. कंत्राटदार बदलत गेले असतील तर त्याच्यासारखा पुरावा नाही. जुनं गेटपास, बोनसची पावती, ईएसआय (राज्य कामगार विमा) कार्ड, बँकेत जमा झालेला पगार, सगळं काढ. वयासाठी शाळा सोडल्याचा दाखला, कारण रक्कम वयावर ठरते. कारखान्यात दरवर्षी तपासणी होत असेल तर तिचे अहवाल लेखी माग. फाउंड्री धोकादायक उद्योगांच्या यादीत आहे आणि 1948 च्या कारखाने कायद्यानं कामगाराला स्वतःच्या आरोग्याच्या नोंदी बघायचा हक्क दिला होता; 21 नोव्हेंबर 2025 पासून त्या कायद्याच्या जागी आलेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही तो आहे.

आता आजाराचा कागद. बाबांना आधी टीबीची औषधं दिली होती का, ते आठवून बघ. सिलिकोसिस पुष्कळदा टीबी म्हणूनच खपतो, आणि सिलिका साठलेल्या फुप्फुसाला टीबी लवकर धरतोही, त्यामुळे दोन्ही एकदम असू शकतात. थुंकीचे तपास निगेटिव्ह आलेले असतील तर ते रिपोर्ट सोन्यासारखे जप. छातीचा एक्स-रे फोटो खिडकीच्या उजेडात धर: वरच्या भागात, दोन्ही बाजूंना, मोहरीएवढे गोल ठिपके दिसतात. डॉक्टरांकडून ‘दमा’ किंवा ‘श्वासाचा विकार’ एवढंच लिहून घेऊ नकोस. किती वर्षं सिलिकाच्या धुळीत काम, आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या पद्धतीनं फोटोचं वाचन, आणि कमावण्याची ताकद किती टक्के गेली, हे तिन्ही प्रमाणपत्रात हवं. बिडीमुळे झालं असं समोरचा वकील म्हणेलच. बिडीनं फुप्फुस खराब होतं, पण सिलिकोसिस सिलिकाशिवाय होत नाही. हे वाक्य डॉक्टरांनी साक्षीत बोलायला हवं.

पुढचा प्रश्न: ईएसआय लागू होती का? होती, तर मालकावर भरपाईचा दावा चालत नाही. ईएसआयकडून मेडिकल बोर्डाच्या टक्क्यांप्रमाणे दरमहा लाभ मिळतो, पूर्ण अपंगत्वाला सरासरी पगाराच्या 90 टक्के. नव्हती, तर मालकावर दावा. अशा दाव्यांसाठीच्या 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याची जागा 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहितेनं घेतली. सिलिकोसिस दोन्हीकडे तिसऱ्या अनुसूचीत आहे.

हिशेब असा. पूर्ण अपंगत्व असेल तर पगाराचे 60 टक्के गुणिले वयाचा गुणांक (कायद्याच्या तक्त्यात त्या वयासमोर दिलेला आकडा). पगार जास्त असला तरी 15,000 रुपयेच धरतात. चाळिशीचा गुणांक 184.17, म्हणजे 9,000 गुणिले 184.17, एकूण 16,57,530 रुपये. ताकद 40 टक्के गेली असं ठरलं तर 6,63,012. एका टक्क्याला साडेसोळा हजार, म्हणून त्या आकड्यासाठी डॉक्टरांपुढं नीट बस. महिन्याभरात पैसे दिले नाहीत तर 12 टक्के व्याज, आणि सबळ कारण नसेल तर दंडही बसतो.

मुदत दोन वर्षांची. आजारामुळे सलग गैरहजेरी सुरू झाली तो पहिला दिवस धरतात. ती तारीख हजेरीपटावरून आजच काढ. मालकाला लेखी नोटीस पोचपावतीसह स्पीड पोस्टानं पाठव. उशीर झालाच असेल तर कारण लिहून माफी मागता येते, पण त्याच्या भरवशावर राहू नकोस.

आपल्या भागातली एक गोष्ट मुद्दाम सांगतो. निपाणीचा माणूस काही वर्षं कागल, गोकुळ शिरगावला, काही वर्षं बेळगावात, असं कितीतरी घरांत असतं. राज्य बदललं म्हणून हक्क तुटत नाही. राहत्या ठिकाणच्या कामगार भरपाईच्या अधिकाऱ्याकडे अर्ज देता येतो, आणि मालक अनेक असतील तर कोणी किती द्यायचं ते तोच ठरवतो. कंत्राटदार पळाला असला तर मूळ कारखान्याला धरता येतं. बेळगावात कामकाज कन्नड-इंग्रजीत चालतं, तेव्हा मराठी कागदांचं भाषांतर जोड. बाबांची जबानी सही करण्याआधी मराठीत वाचून घ्यायला सांग. ‘फेटलिंग’चं नुसतं ‘मदतनीस’ झालेलं तिथंच लक्षात येतं.

मधेच कोणी पन्नास हजार घेऊन घरी येईल, स्टॅम्पपेपरवर ‘यापुढे तक्रार नाही’ लिहून मागेल. हक्क सोडल्याचा असा करार कायद्यात टिकत नाही, पण दाव्यात तो अडथळा म्हणून पुढं येतोच. सही नको. स्वखुशीच्या राजीनाम्यावरही नको.

वहीची पहिली दहा पानं भरली की झेरॉक्स मला पाठव. गाळलेली सालं कुठली ते बघून कळवतो.

तुझा,
काका